नाही म्हणणारा डबा

विमा हा विषय दिवाळी अंकात शोभणारा नाही, हे मला ठाऊक आहे. फराळाची ताटे समोर असताना कुणी आगीच्या आणि अपघाताच्या गोष्टी काढू नयेत. माझ्या लहानपणी विम्याचे एजंट घरी आले की आजी उठून देवघरात जाऊन बसे. हा गृहस्थ गोड बोलून घरातल्या कर्त्या पुरुषाच्या मरणाचा मुहूर्त काढायला आला आहे, अशी तिची पक्की समजूत होती. तरीही मी यंदा याच विषयाला हात घालते आहे, आणि त्याचे खापर आमच्या शाळेच्या एका जुन्या विद्यार्थ्यावर फोडावे लागेल.

हा मुलगा माझ्या वर्गात तिसऱ्या बाकावर बसत असे. गणित बरे, मराठी बेताचे, आणि निबंधात प्रत्येक वाक्याची सुरुवात ‘आणि’ने. मे महिन्यात तो अमेरिकेहून आला तेव्हा पाया पडायला म्हणून घरी डोकावला. मी सहज विचारले, ‘‘काय करतोस रे तिकडे?’’

तो म्हणाला, ‘‘बाई, मी बंदिवान कंपन्या सांभाळतो.’’

क्षणभर मला वाटले, पोरगा तुरुंगखात्यात लागला. पण तो हसला आणि चिवड्याची बशी पुढे ओढून त्याने समजावून द्यायला सुरुवात केली. इंग्रजीत ज्याला ‘कॅप्टिव्ह इन्शुरन्स’ म्हणतात तो हा प्रकार. एखादा मोठा कारखाना, एखादे इस्पितळ किंवा एखादी वाहतूक कंपनी बाजारातल्या विमा कंपनीकडे जाण्याऐवजी स्वतःचीच एक विमा कंपनी काढते. ही धाकटी कंपनी बाहेरच्या चार लोकांचे विमे उतरवीत नाही. ती आपल्या धन्याचा विमा उतरवते, धन्याकडून हप्ता घेते, आणि धन्याचे नुकसान झाले की त्यालाच भरपाई देते. अमेरिकेत व्हरमाँट नावाचे एक लहानसे डोंगराळ राज्य आहे. तिथे 1981 साली अशा कंपन्यांसाठी खास कायदा झाला, आणि आज सहाशेंवर कंपन्या तिथे नोंदलेल्या आहेत. त्यांतल्या काहींच्या वह्या आमचा हा तिसऱ्या बाकावरचा मुलगा लिहितो.

‘‘म्हणजे या खिशातले त्या खिशात?’’ मी म्हटले. त्यावर त्याने जे दोन तास व्याख्यान दिले, त्याने माझी दुपारची झोप गेली आणि पुढचा महिनाभर मी त्या विषयाच्या मागे लागले. कादंबरी लिहिणाऱ्या माणसाला हा एक रोगच असतो. कुणी म्हणाले की अमुक घरात एक बंद खोली आहे, की ती उघडून पाहिल्याशिवाय चैन पडत नाही.

शब्दापासूनच सुरुवात करावी. ओहायो राज्यात यंग्स्टाउन नावाचे पोलादाचे गाव आहे. तिथल्या ‘यंग्स्टाउन शीट अँड ट्यूब’ या कंपनीच्या स्वतःच्या खाणी होत्या. त्यांचा सगळा माल कंपनीच्याच भट्ट्यांत जाई, बाहेर विकला जात नसे, म्हणून त्या खाणींना ‘कॅप्टिव्ह’ खाणी म्हणत. 1950 नंतरच्या दशकात फ्रेडरिक राइस नावाच्या विम्यातल्या जाणकाराने याच कंपनीसाठी घरची विमा कंपनी उभी करून दिली, आणि खाणींचे नाव तिला चिकटवले. पुढे 1962 मध्ये त्याने आपले बिऱ्हाड बर्म्युडा बेटावर नेले आणि तिथे या धंद्याची मोठी पेठ वसली. आमच्या विद्यार्थ्याने केलेले ‘बंदिवान’ हे भाषांतर शब्दाला धरून आहे, पण मला ते पटत नाही. बंदिवानाला धनी पगार देत नाही. मला विचाराल तर ही ‘घरजावई कंपनी’. नाव वेगळे, ताट वेगळे, मानपान वेगळा; पण राहायचे सासऱ्याच्या घरात आणि राबायचेही त्याच घरासाठी.

आता हा खटाटोप कशाला? नेहमीच्या विम्यात आपण हप्ता भरतो तेव्हा त्यात तीनचार गोष्टींचे पैसे असतात. कुणाकुणाची नुकसाने भरून काढायची असतात, कंपनीच्या कचेऱ्या चालवायच्या असतात, एजंटाची दलाली असते, आणि भागधारकांचा नफा असतो. लहान माणसाला हे परवडते, किंबहुना त्याला दुसरा मार्गच नसतो. पण ज्याचे पंचवीस कारखाने आहेत आणि ज्याच्याकडे वर्षाला किती अपघात होणार याचा अंदाज आधीच बांधता येतो, तो म्हणतो की मी माझ्या भट्ट्या जपाव्यात आणि माझ्या हप्त्यातून शेजारच्या निष्काळजी माणसाची भरपाई व्हावी, हा कुठला न्याय?

मग त्याने पैसे नुसते बाजूला का ठेवू नयेत? माझी आई तुरीच्या डाळीच्या डब्यात तळाशी पैसे ठेवीत असे. ‘अडीनडीचे’ हे त्या पैशांचे नाव. त्या डब्यातून आजारपण निघे, पण पाहुण्यांचे आहेर, धाकट्या मामाची उधारी आणि माझी सहलीची वर्गणीही निघे. डबा कुणालाच नाही म्हणत नसे. कारण डबा आईचा, डाळ आईची आणि आई मऊ मनाची. कारखानदाराचा डबाही याच जातीचा असतो. मंदी आली, नवे यंत्र घ्यायचे झाले, की अडीनडीचे पैसे सर्वांत आधी हलतात. शिवाय अमेरिकेतली एक करांची बाबही आहे. पुढेमागे नुकसान होईल म्हणून नुसते राखून ठेवलेले पैसे तिथल्या करखात्याच्या लेखी खर्च नव्हेत. खऱ्या विमा कंपनीला भरलेला हप्ता मात्र खर्च. या एका ‘खऱ्या’ शब्दावर तिथे पन्नास वर्षे वकिलांची पोटे भरली आहेत.

घरजावई कंपनी म्हणजे ज्याला वेगळे नाव, वेगळी वही आणि वेगळे कुलूप आहे असा डबा. व्हरमाँटमध्ये अगदी साध्या प्रकारच्या कंपनीलाही अडीच लाख डॉलरचे भांडवल आधी दाखवावे लागते. हप्ता किती घ्यायचा हे धनी मनाने ठरवीत नाही. अपघातांचा हिशेब मांडणारे विमागणितज्ञ ठरवतात. सरकारचा तपासनीस येतो, वह्या तपासतो. काही विमे परवाना असलेल्या कंपनीच्याच नावाने असले पाहिजेत असा कायदा असतो. तिथे पुढे एका मोठ्या कंपनीचे नाव लावतात आणि जोखीम मागच्या दाराने घरच्या कंपनीकडे येते. नाव वापरू दिल्याची दक्षिणा त्या मोठ्या कंपनीला मिळते. वर्ष सुखाचे गेले तर उरलेला पैसा घरात राहतो, व्याज मिळवतो. वर्ष वाईट गेले तर डबा उघडतो. पण तो करारात लिहिले असेल त्याच कारणासाठी, आणि कागद दाखवल्यावरच. धनी स्वतः दारात उभा राहून ‘यंदा जरा अडचण आहे’ म्हणाला, तरी डब्याला ‘नाही’ म्हणता आले पाहिजे. माझ्या मते सगळी मेख इथे आहे.

या कल्पनेचे बीज मात्र राइसच्या कितीतरी आधीचे आहे. ऱ्होड आयलंडमध्ये झकरायाह अ‍ॅलन नावाचा एक गिरणीवाला होता. त्याने 1822 साली आपली लोकरीची गिरणी बांधली. कापडगिरण्या त्या काळी काडेपेटीसारख्या जळत. अ‍ॅलनने जाड फळ्यांच्या जमिनी घातल्या, आग पसरू नये असे दरवाजे बसवले, पाण्याचे नळ आणि पंप बसवले. मग तो विमा कंपनीकडे गेला आणि म्हणाला की आता हप्ता कमी करा. त्यांनी सांगितले की आमच्या लेखी गिरणी ती गिरणी. शहाणा आणि वेडा यांना एकच दर! अ‍ॅलन चिडला, आणि 1835 मध्ये त्याने काही गिरणीमालक जमवून आपसातच विमा सुरू केला. अट एकच होती. आधी गिरणी तपासू, आणि आगीचा बंदोबस्त नीट असेल तरच आत घेऊ. ही कंपनी एका धन्याची नव्हती, अनेकांची मिळून होती. जाणकार तिला परस्पर विमा म्हणतील, कॅप्टिव्ह म्हणणार नाहीत. पण राग तोच आणि युक्तीही तीच. तिचा वंश आजही चालू आहे.

आपल्या मुंबईतही असे घडलेले आहे. कामगारांना दुखापतीची भरपाई देण्याचा कायदा 1923 साली झाला, आणि 1924 मध्ये मुंबईच्या गिरणीमालकांनी ती जबाबदारी वाटून घेण्यासाठी आपली परस्पर विमा संस्था काढली. 1973 च्या आरंभी सर्वसाधारण विम्याचे राष्ट्रीयीकरण झाले आणि खाजगी विमा कंपन्यांचे ते पर्व संपले. मात्र हे वाचताना माझ्या मनात एक शंका आली, ती इथे नोंदवून ठेवते. डब्याने धन्याला ‘नाही’ म्हणावे हे ठीक. पण डबा धन्याचा आणि बोट तुटलेले मजुराचे, तेव्हा तो ‘नाही’ कुणाला म्हणेल?

या शंकेचे उत्तर सगळीकडे सारखे नसणार. पण एक उदाहरण असे सापडले की त्यासाठीच हा लेख लिहावासा वाटला. 1975 च्या सुमारास अमेरिकेत डॉक्टरांवर हलगर्जीपणाचे इतके दावे होऊ लागले की विमा कंपन्यांनी हप्ते भरमसाट वाढवले, काहींनी तर तो धंदाच सोडला. तेव्हा हार्वर्ड विद्यापीठाशी जोडलेल्या इस्पितळांनी 1976 मध्ये केमन बेटांवर आपली घरची विमा कंपनी काढली. ‘क्रिको’ या नावाने ती ओळखली जाते. आता बाजारातली विमा कंपनी असती तर तिने नुकसानभरपाईचे आकडे पाहिले असते आणि पुढच्या वर्षी हप्ता चढवला असता. इथे पैसा घरचाच जात होता. तेव्हा तो कुठून जातो आहे हे पाहणे आले. पाहता पाहता दिसले की भूल देणारे डॉक्टर संख्येने थोडे, पण त्यांच्यापायी द्यावी लागलेली भरपाई त्या मानाने पुष्कळ. हार्वर्डच्या भूलतज्ज्ञांनी मग जुन्या दाव्यांची चोपडी उघडली. किती तरी वेळा दुर्दैव असे नव्हतेच; रोग्याचा श्वास थांबला होता, आणि ते वेळेवर कुणाच्या ध्यानात आले नव्हते.

1985 मध्ये त्यांनी आपल्या इस्पितळांसाठी नियम लिहून काढले. नियम इतके साधे आहेत की वाचून हसू यावे. भूल दिलेल्या माणसाला सोडून भूलतज्ज्ञाने खोलीबाहेर जायचे नाही. रक्तदाब आणि नाडी निदान दर पाच मिनिटांनी पाहायची. श्वास आणि रक्ताभिसरण यांवर सतत लक्ष ठेवायचे. पुढच्या वर्षी अमेरिकेतल्या भूलतज्ज्ञांच्या संघटनेने स्वतःचे नियम केले ते याच वळणाचे. भुलेतले मृत्यू घटत गेले, आणि त्या डॉक्टरांचा हप्ताही उतरला. घटण्याला इतर कारणेही होती, नवी यंत्रे आली होती. पण नियमांचा वाटा कुणी नाकारत नाही.

तीन वर्षांपूर्वी माझ्या आईच्या पोटाची शस्त्रक्रिया झाली. आदल्या संध्याकाळी भूल देणाऱ्या बाई येऊन तिला भेटून गेल्या. आईने त्यांना विचारले, ‘‘तुम्ही सूई देऊन निघून जाणार का?’’ त्या म्हणाल्या, ‘‘नाही हो आजी, तुम्ही जाग्या होईपर्यंत मी तुमच्या उशाशीच.’’ मला तेव्हा तो त्यांचा गोड स्वभाव वाटला. तो स्वभाव होताच. पण उशाशी बसण्याचा तो नियम कुठेतरी, कुणाच्यातरी पैशाच्या वहीवरून बोट फिरवताना पहिल्यांदा लिहिला गेला होता, हे आता कळल्यावर मला त्या कोरड्या वहीविषयीही थोडी माया वाटू लागली आहे.

पण घरच्या डब्याला एक जन्मजात खोट असते. ती मला आमच्या सांगलीने शिकवली. आमच्या शाळेतल्या चोवीस जणांचा एक आपत्ती निधी होता. दरमहा प्रत्येकी दोनशे रुपये. खजिनदार आमचे गणिताचे सर, आणि ते डाळीच्या डब्याच्या बरोबर उलट वृत्तीचे. एका सहकाऱ्याने मुलीच्या लग्नासाठी निधीतून मागितले, तेव्हा सरांनी नियमांचा कागद पुढे केला, ‘‘आजारपण, अपघात, घराची पडझड. लग्न यांपैकी कशात बसते?’’ सहकारी वर्षभर त्यांच्याशी बोलले नाहीत. त्या वर्षी एका बाईंचे यजमान मोटरसायकलवरून पडले आणि निधीने इस्पितळाचे बिल भागवले, तेव्हा सर्वांनाच सरांचा तो कागद आठवला. असा हा चोख निधी होता. आणि 2019 च्या ऑगस्टमध्ये कृष्णेचे पाणी गावात शिरले. चोविसांपैकी सतरा घरांत पाणी! आजवर एका वेळी एकाचे दुःख येत असे आणि तेवीस जण ते उचलत. आता उचलणारेच पाण्यात होते. निधीत एक लाख ऐंशी हजार होते. सरांनी पाणी ओसरल्यावर शाळेच्या ओल्या बाकावर बसून सतरा भाग केले. प्रत्येकाला दहा हजारांच्या थोडे वर आले. भिजलेल्या गाद्यांचे पैसेही त्यात निघाले नाहीत. कुणी कुरकुरले नाही, कारण चूक कुणाचीच नव्हती. चोवीसही जण एकाच नदीच्या काठी राहत होते, एवढेच.

घरजावई कंपन्यांना ही नदी चांगली ठाऊक असते. म्हणून शहाणी कंपनी लहान आणि मधल्या नुकसानांचा भार स्वतः उचलते, आणि त्यावरच्या भयंकर नुकसानासाठी जगातल्या मोठ्या पुनर्विमा कंपन्यांकडे स्वतःचा विमा उतरवते. विम्याचाही विमा! म्हणजे बाजारातल्या विम्यापासून पळून जायचे म्हटले तरी पुरते पळता येत नाही. फार तर त्याच्या दारात कमी वेळा जावे लागते. आणि तरीही काही संकटे सगळ्या आकड्यांच्या पलीकडची असतात. बीपी या तेल कंपनीची गर्न्सी बेटावर ‘ज्युपिटर’ नावाची घरची विमा कंपनी आहे. 2010 च्या एप्रिलमध्ये मेक्सिकोच्या आखातात तेलविहिरीचा स्फोट झाला, अकरा माणसे गेली, आणि महिनोन्‌महिने समुद्रात तेल वाहत राहिले. ज्युपिटरची एका घटनेमागची मर्यादा होती सत्तर कोटी डॉलर. बीपीला एकूण भुर्दंड पडला साठ अब्ज डॉलरच्याही वर. ज्युपिटर म्हणजे आपला गुरू. आजी असती तर म्हणाली असती, गुरुबळ कमी पडले. पण गुरुबळाने समुद्र धुतला जात नाही, आणि अकरा घरांचे तर काहीच भरून येत नाही.

या सगळ्यात एक लबाडीचा प्रकारही आहे, तो सांगितल्यावाचून राहवत नाही. अमेरिकेत अगदी छोट्या कॅप्टिव्ह कंपन्यांना करात खास सवलत आहे. अ‍ॅरिझोनातल्या एका जवाहिऱ्या जोडप्याची तीन दुकाने होती. 2006 साली त्यांचा विम्याचा खर्च दीड लाख डॉलरच्या आसपास होता. घरची विमा कंपनी काढल्यावर तो 2009 मध्ये अकरा लाखांच्या आणि 2010 मध्ये तेरा लाखांच्या वर गेला. विमे कशाकशाचे, तर दहशतवादी हल्ल्याचेसुद्धा. आणि करखात्याची तपासणी सुरू होईपर्यंत भरपाईची एकही मागणी नाही. उलट डब्यातला बराचसा पैसा कर्ज म्हणून फिरून घरच्याच मंडळींकडे आलेला. 2017 मध्ये तिथल्या कर न्यायालयाने निकाल दिला की हा विमा नव्हेच. धनत्रयोदशीला दागिन्यांची पूजा आपण करतो. यांनी दागिन्यांच्या विम्याचीच पूजा मांडली, आणि नैवेद्य स्वतःच खाल्ला. डब्याने एकदाही ‘नाही’ म्हटले नव्हते, हे मला त्या निकालातले खरे इंगित वाटते. ज्या डब्याकडे कुणी कधी काही मागितलेच नाही, तो डबा नाही तरी कशाला म्हणणार?

यंग्स्टाउनच्या त्या पोलाद कंपनीचे पुढे काय झाले, हे मी मुद्दाम शोधले. 1977 च्या सप्टेंबरमधल्या एका सोमवारी तिचा मोठा कारखाना बंद होणार असल्याचे जाहीर झाले आणि सुमारे पाच हजार माणसांची नोकरी गेली. त्या गावात तो दिवस अजून ‘काळा सोमवार’ म्हणून ओळखला जातो. आगीचा विमा घरचा होता. बाजार उलटण्याचा विमा कुणाकडेच नव्हता. खाणी गेल्या, भट्ट्या गेल्या, आणि खाणींवरून पडलेला तो शब्द मात्र जगभर फिरतो आहे.

बर्म्युडाकडच्या मंडळींची कथा निराळ्याच वाटेने गेली. 1985 च्या सुमारास अमेरिकेत जबाबदारीचा विमा पुन्हा मिळेनासा झाला. तेव्हा चौतीस बड्या कंपन्यांनी कंटाळून एकत्र येऊन ‘एस’ नावाची आपली विमा कंपनी काढली. बाजारातल्या विमा कंपन्यांना शिकवलेला तो धडाच होता. मग एसचे बूड स्थिर झाले, ती बाहेरच्यांचेही विमे घेऊ लागली, शेअर बाजारात गेली, आणि 2016 मध्ये तिने चब नावाची जुनी, प्रतिष्ठित विमा कंपनी विकत घेऊन तिचेच नाव धारण केले. आज ती जगातल्या अगदी मोठ्या विमा कंपन्यांत मोजली जाते. घरजावयाने स्वतःची हवेली बांधली, पेढी थाटली आणि बाहेर पाटी लावली. तिच्या हप्त्याचा कागद हातात घेऊन कपाळाला आठ्या घालणारा कुणी कारखानदार याही वर्षी बर्म्युडाच्या विमानाचे तिकीट काढीत असेल.